पोकेमॉन गोमध्ये आपलं जिम चॅलेंज कसं भरवायचं: गोव्यातल्या ग्रुपांसाठी, पायरीपायरीने

आपल्या ग्रुपांवर दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी टाकतं, "चला जिम चॅलेंज करूया, कोण कोण लीडर?" अर्ध्या तासात बारा जण हात वर करतात, कोणीतरी पोस्टर बनवतं, पोरं नावं देतात आणि मग तिसऱ्या दिवशी पहिला वाद होतो, सातव्या दिवशी दोन लीडर गायब होतात, पंधराव्या दिवशी सगळं शांत. मी असे तीन बंद पडताना बघितलेत, त्यातल्या एकात मी स्वतः लीडर होते. खेळ कमी पडला म्हणून एकही बंद पडलं नाही. तिन्ही वेळा आधी जाहिरात झाली आणि नियम नंतर, तेसुद्धा भांडण झाल्यावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे गेममधल्या मॅपवरच्या जिमबद्दल नाही. इथे आपल्यातलेच आठ प्लेअर जिम लीडर होतात, प्रत्येकाचा एक टाइप (पाणी, आग असा पोकेमॉनचा प्रकार), बाकीचे चॅलेंजर त्यांच्याशी फ्रेंड बॅटल (गेममधल्या मित्राशी लढत) खेळतात, जिंकलं की त्या जिमचा बॅज, आणि पुरेसे बॅज झाले की फायनल. गेममध्ये याचं कुठलंही बटण नाही. फ्रेंड बॅटलमध्ये गेम फक्त लीगची सीपी (पोकेमॉनच्या ताकदीचा आकडा) मर्यादा बघतो, पाण्याच्या लीडरने आगीचा पोकेमॉन आणला तरी गेम अडवत नाही. बाकी सगळी तपासणी माणसांनी करायची असते, म्हणून तयारीला महिना द्यायचा आणि खेळायला तीन आठवडे. उलटं केलं की फसतं.

## १. कोणालाही सांगायच्या आधी ठरवायच्या गोष्टी

पहिले तीन जण ठरवा. एक वेळापत्रक बघणारा, एक हिशोब ठेवणारा आणि एक पंच. पंच स्वतः खेळणार नाही, लीडर नाही, चॅलेंजरही नाही. हे सगळ्यांना जड जातं कारण जो नियम चांगले जाणतो त्यालाच खेळायचं असतं, पण स्वतः बॅज मिळवणाऱ्या माणसाने दिलेला निर्णय कोणी मानत नाही, कितीही बरोबर असला तरी.

लीग ग्रेट लीगच घ्या, म्हणजे १५०० सीपी. अल्ट्रा २५०० ला जाते आणि मास्टरला मर्यादाच नाही, तिथे लेव्हल ५० पर्यंत एक्सएल कँडी (ताकद वाढवायचा दुर्मिळ खाऊ) घालून चढवलेल्या लेजेंडरी (दुर्मिळ, तगड्या) पोकेमॉनसमोर नवीन पोराचं काही चालत नाही. १५०० मध्ये शाळेतल्या मुलाचा रस्त्यावर पकडलेला क्वॅगसायरसुद्धा दहा वर्षं खेळणाऱ्याला रडवू शकतो.

फॉरमॅट: सहा दाखवा, तीन निवडा, तीनपैकी दोन जिंका. म्हणजे दोघांनी आपले सहा पोकेमॉन आधी एकमेकांना दाखवायचे आणि प्रत्येक मॅचला त्यातले कुठलेही तीन घेऊन उतरायचं. पोकेमॉन गोच्या अधिकृत चॅम्पियनशिपमध्येही ग्रेट लीगमध्ये असंच खेळतात, त्यामुळे सराव वाया जात नाही. नुसती एक मॅच ठेवली तर पहिला पोकेमॉन चुकीचा पडला की सगळं संपतं आणि मग नशिबाच्या नावाने रडारड.

आता हिशोब करा, हा कोणी करत नाही. एक मॅच साधारण ४ मिनिटं, तीन मॅचचा एक सेट म्हणजे १२, टीम निवडणं, स्क्रीनशॉट, "एक मिनिट हां आई बोलावतेय" धरून २० मिनिटं. २० चॅलेंजर आणि ८ लीडर म्हणजे १६० सेट. प्रत्येक लीडरच्या वाट्याला २० सेट, म्हणजे ४०० मिनिटं, जवळजवळ पावणेसात तास. हे सगळे पहिल्याच वेळी जिंकले तर. अर्धे हरून परत आले की दहा तास. नोकरी करणाऱ्या माणसाला तीन आठवड्यांत दहा तास झेपतात, एका आठवड्यात नाही झेपत.

म्हणून मी सांगते ते करा: आठपैकी सहा बॅज मिळाले की फायनलला पात्र, आणि एका जिमला हरलं तर फक्त एकदा परत, तेही दुसऱ्या दिवशी. आठच्या आठ सक्तीचे ठेवले तर एक लीडर आजारी पडला की सगळ्यांचं अडतं.

तपासा: पंच कोण, लीग कुठली, किती बॅज, किती वेळा परत. या चारांची उत्तरं एका ओळीत लिहिता येत नसतील तर पुढे जाऊ नका.

## २. लीडर निवडणं

इथे सर्वात जास्त चुका होतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

सगळ्यात तगडा प्लेअर म्हणजे चांगला लीडर नव्हे. लीडरने अर्ध्याच्या आसपास सेट हरले पाहिजेत. हे वाचून बऱ्याच जणांना राग येतो, पण विचार करा, जो लीडर वीसपैकी अठरा जणांना हरवतो त्याच्या जिमला दुसऱ्या आठवड्यापासून कोणी येतच नाही, सगळे बाकीच्या सात जिममधून सहा बॅज घेतात आणि तो एकटा बसतो. लीडरचं काम म्हणजे कोडं घालायचं, असं की चॅलेंजर विचार करून आला तर सुटेल आणि न विचार करता आला तर अडकेल. मुद्दाम हरायचं मात्र अजिबात नाही, मॅच पूर्ण जोर लावूनच खेळायची. कठीणपणा टीममध्ये कमी-जास्त करायचा, खेळात नाही.

माणूस कसा हवा? वेळेवर येणारा, हरल्यावर "छान खेळलास रे" म्हणणारा, आणि मेसेजला त्याच दिवशी उत्तर देणारा. आठ लीडरसाठी दहा घ्या, दोन राखीव. राखीव माणसानेही निदान एक टीम पूर्ण तयार ठेवायची.

### टाइप कसे वाटायचे

ज्याला जो आवडतो तो टाइप, असं करू नका. एकदा आगीचा, दगडाचा आणि जमिनीचा असे तीन लीडर एकाच चॅलेंजमध्ये होते. पोरांनी पाण्याची एकच टीम बनवली आणि तीन बॅज एका संध्याकाळी खिशात घातले. चूक त्यांची नव्हती.

सोपी पद्धत अशी की कागदावर आठ टाइप लिहा, प्रत्येकाच्या पुढे तो कशाला घाबरतो ते लिहा, आणि मोजा की एकच टाइप तीनपेक्षा जास्त वेळा येतोय का. माझ्याकडे जमलेला एक आठांचा संच हा:

- पाणी: घाबरतो गवत आणि वीज यांना
- आग: पाणी, जमीन, दगड
- गवत: आग, बर्फ, उडणारे, किडे, विष
- वीज: फक्त जमीन
- सायकिक: डार्क, घोस्ट, किडे
- फायटिंग: उडणारे, सायकिक, फेअरी
- स्टील: आग, जमीन, फायटिंग
- फेअरी: विष, स्टील

यात जमीन तीनदा येते आणि बाकी कुठलाच टाइप दोनच्या वर नाही. म्हणजे आठही बॅज हवे असतील तर खरोखर वेगवेगळ्या टीम बांधाव्या लागतात, आणि मजा त्यातच आहे.

### लीडरची टीम

लीडरच्या सहाच्या सहा पोकेमॉनमध्ये जिमचा टाइप हवाच, पण दुसरा टाइप वेगवेगळा घ्या. पाण्याच्या जिमचं उदाहरण देते. क्वॅगसायर, स्वॅम्पर्ट आणि व्हिसकॅश हे तिन्ही पाणी आणि जमीन. तिघांनाही गवताचा मार दुहेरी बसतो. पोकेमॉन गोमध्ये एका टाइपचा मार १.६ पट असतो, दोन्ही टाइपना लागला की २.५६ पट. चॅलेंजर एक व्हीनसॉर घेऊन आला की तुमची जिम दोन मिनिटांत संपली. त्याऐवजी अझुमरिल घ्या जो पाणी-फेअरी, लँटर्न पाणी-वीज, क्वॅगसायर एकच, जेलिसेंट पाणी-घोस्ट, मँटीन पाणी-उडणारा, पोलीरॅथ पाणी-फायटिंग. आता गवतवाला आला तर मँटीनवर अडकतो, वीजवाला आला तर क्वॅगसायरवर. कोडं झालं की नाही?

लीडरना टीम बांधायला निदान तीन आठवडे द्या, कारण खर्च मोठा आहे. दुसरी चार्ज्ड मूव्ह (मोठा वार) उघडायला पोकेमॉनच्या बडी अंतराप्रमाणे (त्याला बरोबर घेऊन किती किमी चाललं की एक कँडी मिळते ते) स्टारडस्ट आणि कँडी हे गेममधलं चलन लागतं: १ किमीवाल्याला १०,००० स्टारडस्ट आणि २५ कँडी, ३ किमीला ५०,००० आणि ५०, ५ किमीला ७५,००० आणि ७५, २० किमीला १ लाख आणि १०० कँडी. शॅडो (टीम रॉकेटकडून मिळवलेला) असेल तर आणखी वर. शिवाय अझुमरिलसारख्याला १५०० च्या जवळ न्यायचं तर पॉवर-अप करत करत खूप वर न्यावं लागतं, स्टारडस्ट भरपूर जातो. सहा पोकेमॉनांचा असा खर्च "पुढच्या रविवारी सुरू" सांगून होत नाही, मग लीडर अर्धवट टीम घेऊन बसतो.

सावध: लीडरची टीम ठरली की ती फक्त पंचाकडे जाते. ग्रुपवर टाकू नका आणि मित्राला दाखवू नका. टाइप जाहीर, टीम नाही. ज्याची मॅच आहे त्याला सहा पोकेमॉन सेटच्या आधी दिसतीलच.

## ३. नियम लिहून काढा

तोंडी नियम म्हणजे नियम नाही. एका पानावर मावतील एवढेच लिहा, मराठीत लिहा, आणि ग्रुपवर पिन करा. हे तर हवेतच:

एकाच जातीचा पोकेमॉन टीममध्ये दोनदा नाही. रजिस्टर केलेले सहा शेवटपर्यंत तेच, मध्ये पॉवर-अप नाही, मूव्ह बदलणं नाही, इव्हॉल्व्ह नाही. चॅलेंजरला मात्र प्रत्येक जिमसाठी वेगळे सहा आणायची मोकळीक द्या, सेटच्या आदल्या रात्रीपर्यंत पंचाकडे पाठवले की झालं. दुसऱ्याच्या अकाउंटवरून खेळायचं नाही, लोकेशन बदलणारं ॲप वापरणाऱ्याला प्रवेश नाही. हे दोन्ही गेमच्या नियमांतही बसत नाही, त्यामुळे यावर चर्चा ठेवू नका.

बेस्ट बडीबद्दल (बरोबर फिरवून सगळ्यात पक्का मित्र झालेला पोकेमॉन) वेगळी ओळ लिहा कारण यात नेहमी गडबड होते. पोकेमॉन बेस्ट बडी झाला आणि त्याला बडी म्हणून बरोबर ठेवला की त्याची एक लेव्हल वाढते आणि सीपीही. म्हणजे १४९५ चा पोकेमॉन बडी ठेवला की १५०० च्या वर जातो आणि लीगमध्ये निवडताच येत नाही. पोरं ऐन वेळी "माझा दिसतच नाही" म्हणून ओरडतात ते यामुळे. नियम असा ठेवा: रजिस्टर करताना जो सीपी दिसला तोच मॅचच्या वेळी दिसला पाहिजे, बडी कोण ठेवायचा ते त्याप्रमाणे बघा.

### मध्येच मॅच तुटली तर

हा नियम नसेल तर बाकी सगळे नियम असून उपयोग नाही. पणजीच्या म्युनिसिपल गार्डनमध्ये एकदा समोरासमोर सेट चालला होता. आठवीतला मुलगा, मोबाइलची काच कोपऱ्यात तडकलेली, एक-एक मॅच झालेली, तिसऱ्यात त्याचा शेवटचा पोकेमॉन आणि लीडरचाही शेवटचा. दोघांकडे शील्ड (समोरचा मोठा वार अडवणारी ढाल) नाही. मुलाची चार्ज्ड मूव्ह भरत आली आणि स्क्रीन जागच्या जागी थांबली. तो बोटाने काच दाबत राहिला, दाबत राहिला, आणि समोरच्या मोबाइलवर जिंकल्याचं आलं. "ताई, म्हजो मोबायल हँग जालो," एवढंच म्हणाला. लीडर म्हणाला मीच जिंकणार होतो, दोघंतिघं म्हणाले परत खेळवा, कोणी म्हणालं नियम काय सांगतो, आणि नियमच नव्हता. चाळीस मिनिटं वाद झाला. मुलाची सांखळीची बस निघायची वेळ झाली आणि तो निर्णय न ऐकताच गेला. परत कधी खेळायला आला नाही. तेव्हापासून मी हा नियम पहिला लिहिते:

१. दोघांचेही तिन्ही पोकेमॉन शिल्लक असताना तुटली, तर तीच मॅच परत, तेच तीन, तोच पहिला.
२. एखादा पडल्यानंतर तुटली आणि एकाकडे जास्त पोकेमॉन शिल्लक होते, तर त्याची मॅच.
३. दोघांचे सारखेच शिल्लक होते, तर परत, तेच तीन, तोच पहिला. कोण जिंकणार होतं यावर वाद घालायचा नाही.
४. एकाच सेटमध्ये एकाच मोबाइलवर दुसऱ्यांदा तसंच झालं, तर सेट दुसऱ्या दिवशी, तोपर्यंत मोबाइल बदला किंवा नेटवर्क.

आणि दोघांचे शेवटचे एकाच क्षणी पडून टाय झाली तर ती मॅच धरायची नाही, परत खेळायची.

तपासा: नियमाचं पान अशा एकाला वाचायला द्या ज्याने असलं चॅलेंज कधी खेळलेलं नाही. त्याला तीन प्रश्न पडले तर तीन ओळी वाढवा.

## ४. चाचणी

ही पायरी गाळायचा मोह सगळ्यांना होतो. गाळू नका.

आयोजकांपैकी कोणीतरी साधी टीम घ्यायची, लेजेंडरी नाही, महागड्या मूव्ह नाहीत, नेहमीच्या चॅलेंजरकडे असेल तशी, त्या जिमला उत्तर म्हणून विचार करून बांधलेली. प्रत्येक लीडरशी पाच सेट खेळायचे. लीडर पाचही जिंकला तर टीममधला एक पोकेमॉन बदलून सोपा करा. पाचही हरला तर बहुतेक दुसरे टाइप सारखे आलेत, वरची पाण्याची गोष्ट परत वाचा. दोन-तीन जिंकला तर हात लावू नका.

चाचणीत आणखी एक कळतं, कोणाचं नेटवर्क कसं आहे. सत्तरीत, सांगेत आत राहणाऱ्यांना घरात रेंज मिळतेच असं नाही, अंगणात येऊन, कधी रस्त्याच्या वळणावर उभं राहून खेळावं लागतं. असा लीडर वाईट नाही, फक्त त्याची वेळ दिवसाची ठेवा, रात्री नऊला त्याला वळणावर उभा करू नका.

## ५. नावनोंदणी

आता जाहिरात करा, आता. नियमांचं पान आणि पोस्टर एकत्रच टाका.

फॉर्ममध्ये हवं: गेममधलं ट्रेनर नाव जसंच्या तसं, १२ आकडी ट्रेनर कोड, राहायचं शहर किंवा गाव, आणि आठवड्यात कधी मोकळे. बस. शाळा कुठली, वय किती, घरचा पत्ता यातलं काही विचारू नका. शाळकरी मुलं असतील तर आई-वडिलांपैकी एकाचा होकार आणि त्यांच्याच नंबरवर बोलणं. ट्रेनर कोड उघड्या ग्रुपवर टाकायला लावू नका, फॉर्ममधून फक्त ज्या लीडरशी खेळायचं त्याच्याकडे जाऊ दे.

मग मैत्री. घरबसल्या बॅटल खेळायला दोघांची गेममधली मैत्री पुढे गेलेली लागते, नुसती रिक्वेस्ट घेतली की लगेच होत नाही. मैत्रीच्या पायऱ्या गिफ्ट उघडणं, एकत्र रेड (मिळून एका मोठ्या पोकेमॉनशी लढणं) वगैरे करून दिवसाला एक अशा वाढतात: १ दिवसाला गुड, ७ दिवसांना ग्रेट, ३० ला अल्ट्रा, ९० ला बेस्ट. म्हणून सुरुवातीच्या निदान आठवडाभर आधी सगळ्या चॅलेंजरनी आठही लीडरना रिक्वेस्ट पाठवून गिफ्ट देणं-उघडणं सुरू करायचं. समोरासमोर भेटलात तर क्यूआर कोड स्कॅन करूनच बॅटल लागते, तिथे हा प्रश्न नाही.

सावध: "समोरचा ऑनलाइन दिसत नाही" ही तक्रार रोज येईल. सेटिंगमध्ये मित्रांना ऑनलाइन दिसायचा पर्याय बंद असतो, नव्वद टक्के वेळा तेच. नियमांच्या पानावर ही ओळ ठळक लिहा आणि लीडरच्या सेटिंग आधी स्वतः बघा.

## ६. वेळापत्रक

तारखा टाकताना भिंतीवरचं कॅलेंडर समोर ठेवा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचा आठवडा आणि चवथीचे दिवस सोडा, सगळे गावच्या घरी असतात, माटोळी (गणपतीवरचं फळापानांचं छत) बांधत असतात, कोणी तुमच्याशी बॅटल खेळायला बसणार नाही आणि बसूही नये. शिगमो (गोव्यातला होळीचा सण), गावची जत्रा, शाळेच्या परीक्षा सोडा. जून-जुलैत पाऊस धरला की लाईट जाते आणि तिच्याबरोबर वायफाय, तेव्हा मोबाइल डेटा हाताशी ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मला सगळ्यात बरा काळ वाटतो, दिवाळी आणि नाताळाचे दिवस वगळून. कम्युनिटी डे (गेममधला खास दिवस) बहुतेक शनिवार-रविवारी दुपारी २ ते ५ असतो, त्या तीन तासांत एकही सेट लावू नका.

"कधीही मेसेज करा" असं लीडरने म्हणायचं नाही. आठवड्यातल्या दोन ठरलेल्या वेळा द्या, उदाहरणार्थ बुधवारी रात्री ८.३० ते १० आणि रविवारी सकाळी १० ते १२. त्यात २० मिनिटांचे तुकडे पाडा आणि चॅलेंजरला तुकडा निवडू दे. १० मिनिटं उशीर झाला तर तुकडा गेला, पण बॅज नाही गेला, परत दुसरा तुकडा घेता येतो. हाच नियम लीडरलाही: लीडर दोनदा आला नाही तर राखीव लीडर बसतो, टाइप तोच. त्यासाठी राखीव लीडरकडे दोन टाइपच्या टीम असतील तर फार सोपं जातं.

## ७. सेट कसा खेळायचा, क्रम हाच

१. आदल्या रात्री चॅलेंजर सहा पोकेमॉनांचे स्क्रीनशॉट पंचाला पाठवतो. गेममध्ये त्या सहांना एक टॅग लावा, मग टॅग उघडून सहाही सीपीसकट एका फोटोत येतात. मूव्हसाठी प्रत्येकाचा वेगळा फोटो लागतोच.

२. पंच टाइप, सीपी, दोनदा कोणी आहे का ते बघून "ओके" लिहितो. ओके नाही तर सेट नाही.

३. ठरलेल्या वेळी पंच दोघांच्या सहा-सहांची यादी दोघांना एकाच वेळी पाठवतो. मूव्ह दाखवायच्या नाहीत, फक्त पोकेमॉन, सीपी आणि शॅडो आहे की नाही.

४. पाच मिनिटं विचाराला. मग दोघंही स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करतात. मोबाइल जुना असेल आणि रेकॉर्डिंगने अडकत असेल तर दुसऱ्याचं रेकॉर्डिंग पुरे, पण दोघांपैकी एकाचं हवंच.

५. चॅलेंजर बॅटल पाठवतो, ग्रेट लीग निवडतो. लीग निवडताना घाईत अल्ट्रावर बोट पडतं, बघून दाबा.

६. मॅच. प्रत्येकाकडे दोन शील्ड. मध्ये कोणी मेसेज पाठवायचा नाही, नोटिफिकेशन वरून खाली आलं की बोट चुकतं. डू नॉट डिस्टर्ब लावा.

७. मॅच संपली की निकालाच्या स्क्रीनचा फोटो दोघांनीही काढायचा, मगच बटण दाबायचं.

८. पुढची मॅच तीन मिनिटांत. पहिल्या मॅचनंतर टीममधले तीन बदलता येतात, बाहेरचा सातवा आणता येत नाही.

९. सेट संपला की दोघांनी पंचाला निकाल लिहायचा. दोघांचा सारखा आला तर पंच बॅज देतो. एकानेच लिहिला तर थांबायचं.

चूक जी सगळे करतात: फ्रेंड बॅटलमध्ये मागच्या वेळी वापरलेली टीम आपोआप पुढे येते. घाईत तीच घेऊन उतरायचं आणि मग "अरे ही तर जुनीच टीम" असं होतं. चॅलेंजसाठी वेगळी बॅटल पार्टी नाव देऊन सेव्ह करून ठेवा. यादीबाहेरचा पोकेमॉन चुकून उतरला तर ती मॅच समोरच्याची, मुद्दाम की चुकून हे बघायचं नाही. कडक वाटतं, पण इथे ढिलं सोडलं की प्रत्येक जण चुकूनच करतो.

## ८. हिशोब आणि तक्रारी

एक शीट, उघडी, सगळ्यांना वाचता येणारी, लिहिता येणारी फक्त हिशोबवाल्याला. आडव्या ओळीत चॅलेंजर, उभ्यात आठ जिम. निकाल त्याच रात्री भरायचा. दोन दिवस मागे पडलात की लोकांना वाटतं काहीतरी लपवताय.

तक्रार फक्त पंचाकडे, फक्त खाजगी मेसेजवर, सेट संपल्यावर २४ तासांत आणि रेकॉर्डिंगसकट. ग्रुपवर लिहिलेली तक्रार पंच वाचणार नाही, हे आधीच लिहून ठेवा. निर्णय झाला की पंचाने ग्रुपवर दोन ओळी टाकायच्या: काय झालं, कुठला नियम लावला. नावं न घेता. हे केलं की पुढच्यांना कळतं नियम कसा चालतो आणि तीच तक्रार परत येत नाही.

## ९. फायनलचा दिवस

सहा बॅजवाले किती झाले ते बघून ठरवा. आठ असतील तर सरळ नॉकआउट, एका दिवसात होतो. पणजी सगळ्यांना बरी पडते, डिचोलीहून, फोंड्याहून, म्हापशाहून, मडगावहून बस आहे. म्युनिसिपल गार्डन छान पण उघडं आहे, पावसाच्या दिवसांत छप्पर असलेली जागा आधी बघून ठेवा. सकाळी १० ला सुरू करा म्हणजे ३ पर्यंत संपतं आणि लांबच्यांना बस मिळते. शेवटची बस कोणाची कधी हे त्या दिवशी सकाळीच विचारून घ्या आणि लांबच्यांच्या मॅच आधी लावा.

बरोबर न्या: दोन पॉवर बँक, तीन प्रकारच्या पिना असलेली केबल, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमचे हॉटस्पॉट, नियमांचं छापलेलं पान, पाणी. उन्हात मोबाइल तापला की गेम अडखळतो, म्हणून बाकं सावलीतली पकडा, पहिला माणूस अर्धा तास आधी जाऊन बसू दे. मॅच चालू असताना दोघांच्या मागे कोणी उभं राहायचं नाही, बघणारे बाजूला, कारण मागून "शील्ड घे, शील्ड घे" ऐकू आलं की समोरच्यालाही कळतं.

बॅज खरे द्या. झेरॉक्सच्या दुकानात स्टिकर पेपरवर रंगीत छापून मिळतात, आठ जिमचे आठ गोल, पोरं मोबाइलच्या कव्हरला चिकटवतात. पैशांचं बक्षीस ठेवू नका, नोंदणीचे पैसेही घेऊ नका. पैसे आले की प्रत्येक हँग झालेल्या मोबाइलवर भांडण होतं.

फायनल झाली की त्याच संध्याकाळी आठही लीडरच्या टीम मूव्हसकट ग्रुपवर टाका. महिनाभर ज्यावर डोकं खाजवलं ते समोर आलं की लोक तासन् तास बोलत बसतात, आणि तेव्हाच पुढच्या वेळी लीडर व्हायला कोण तयार आहे ते विचारून घ्या. शीट पुसू नका, नियमांच्या पानात ज्या ज्या ठिकाणी पंचाला स्वतःच्या मनाने ठरवावं लागलं तिथे त्याच रात्री ओळ लिहा, आठवड्याने विसरायला होतं.